दहा वर्षांची वर्गणी आणि एक उघडे दार



अंजनगाव सुर्जीचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते एका तहामुळे. १८०३ सालच्या २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या वतीने जनरल वेलस्लीशी येथे तह झाला. भडोच गेले, अहमदनगर गेले, गंगायमुनेचा दुआब गेला. शाळेत हे सारे आपण पाठ केले आहे. पुढे परीक्षा संपली, तहाची कलमे विसरलो. परंतु तह म्हणजे काय हे या गावच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. दोन पक्ष असतात, कलमे असतात, मुदत असते आणि ती कलमे पाळली की मोडली याचा पुढे वाद असतो.

आज मी ज्या तहाविषयी बोलणार आहे तो या तहानंतर सुमारे ८४ वर्षांनी, १८८७ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. त्यात तोफ नव्हती की किल्ला नव्हता. एका बाजूला होती अमेरिकेतल्या गावोगावची साधी माणसे. वर्षाला निदान एक डॉलर, अशी दहा वर्षे देऊ, असे वचन त्यांनी दिले होते. दुसऱ्या बाजूला होती एकोणतीस वर्षांची एक मराठी विधवा. पैसे देणाऱ्यांनी ज्या मुलींसाठी पैसे दिले, त्या मुली त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या व बहुतेकांना त्या कधी दिसणारही नव्हत्या. त्या मुली आपल्या होत्या.

परदेशातील मुलांसाठी मदत, हे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे आज कुठला तरी दूरचा, युद्धाने वा दुष्काळाने पोळलेला देश येतो. आपण खिशात हात घालतो, थोडे देतो आणि थोडे समाधान पावतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनच्या सभागृहात हेच शब्द उच्चारले जात, तेव्हा ती परदेशातील मुले म्हणजे पुण्याच्या, कोकणच्या, देशावरच्या घरांतील बालविधवा होत्या. घेणाऱ्याच्या बाजूने या व्यवहाराकडे पाहण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. म्हणून हा इतिहास आज आठवायचा.

तो आठवताना आणखी एका व्यक्तीला विसरून चालणार नाही. ही वर्गणी जमा होऊ लागली तेव्हा ती व्यक्ती पाच-सहा वर्षांची होती, आणि या कथेचा आरंभ होतो तेव्हा अवघी दोन वर्षांची. तिचे नाव मनोरमा. पंडिता रमाबाईंची ती एकुलती एक मुलगी.

रमाबाईंचा जन्म १८५८ च्या एप्रिलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष पत्करला, आणि पुढे कन्येलाही तीच विद्या मिळाली. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांना रमाबाईंनी गमावले. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांना ग्रंथातून कळले नव्हते. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत बाईंच्या पदरी दहा महिन्यांची मुलगी राहिली, आणि आपले म्हणावे असे दुसरे माणूस उरले नाही.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. व्यासपीठावर वेद-उपनिषदांचे आधार देणारी ही पंडिता घरी येत असे तेव्हा उंबरठ्याशी रांगणारे मूल असे, हे आपण चरित्र वाचताना सोडून देतो. त्यांना वैद्यक शिकायचे होते. त्यासाठी विलायतेला जाणे आले, आणि जायला पैसा हवा. तो त्यांनी कोणाकडे मागितला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, ते विकले आणि त्या उत्पन्नातून वाटखर्च उभा केला. १८८३ मध्ये आनंदीबाई भगत या सोबतिणीबरोबर त्या मुलीला घेऊन बोटीत बसल्या. मनोरमा तेव्हा दोन वर्षांची झाली होती.

इंग्लंडात वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. या पंथाची एक शाखा पुण्यात होती आणि तिकडे जाणाऱ्या भगिनींना मराठीची गरज होती. राहण्या-जेवण्याच्या बदली मी मराठी शिकवीन, असे बाईंनी ठरविले. फुकटचे अन्न खायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. परंतु पहिल्याच वर्षी दोन आघात झाले. आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. आणि बाईंना ऐकू कमी येऊ लागले होते ते इतके वाढले की वैद्यकाचा विचार सोडून द्यावा लागला. त्याच १८८३ च्या सप्टेंबरात आई आणि मुलगी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. त्या धर्मांतराची चिकित्सा आजवर पुष्कळांनी केली आहे. मी त्यात शिरत नाही. आपला विषय निराळा आहे.

पुढे बाई चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या. मूल बरेचसे मठातल्या जेराल्डिन भगिनीच्या देखरेखीखाली वाढू लागले. येथे एक झगडा सुरू झाला. तो पत्रांतून चालला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. जेराल्डिन भगिनीने त्या पोरीवर खरी माया केली, यात संशय नाही. परंतु जो खाऊ घालतो, निजवतो, प्रार्थना शिकवतो, त्याला मूल आपले वाटू लागते. मुलीला काय शिकवायचे, कोणत्या शब्दांत शिकवायचे, हे मी ठरवीन, असे आईचे म्हणणे. त्यात एक मुद्दा बाईंनी फार आग्रहाने मांडला. मनोरमा मोठी होऊन आपल्या देशबांधवांत त्यांच्यापैकी एक म्हणून वावरली पाहिजे. त्यांच्याहून उंच, परकी अशी ती होता कामा नये. स्वतः बाई विलायतेत राहूनही शाकाहारी राहिल्या.

श्रोतेहो, दोन-तीन वर्षांचे लेकरू दुसऱ्याच्या हवाली करून कामावर जाणाऱ्या आया आजच्या सभेतही बसल्या असतील. संध्याकाळी ते लेकरू सांभाळणाऱ्या बाईच्या कडेवरून उतरायला तयार होत नाही, तेव्हा आईच्या पोटात जे होते, ते वाँटेजच्या पत्रव्यवहारात आहे. फरक इतकाच की येथे सांभाळणाऱ्याचा धर्म राज्यकर्त्यांचा होता आणि आई त्याच्या घरी पाहुणी होती.

१८८६ च्या मार्चात रमाबाई मुलीसह अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या. निमित्त होते त्यांच्या आप्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झाले होते आणि ते दहा दिवसांत गेले होते. पुढल्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाईही गेल्या.

समारंभाला म्हणून गेलेल्या बाई अमेरिकेत सुमारे अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. मनोरमेला मात्र त्यांनी इंग्लंडला भगिनींकडे परत पाठविले. पाच वर्षांची मुलगी महासागराच्या एका काठाला आणि आई दुसऱ्या काठाला. आणि तेथे आईचे काम काय, तर दुसऱ्यांच्या मुलींसाठी घर मागण्याचे. हा विरोध कोणी नाटकात घातला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. इतिहासात तो जसा आहे तसा आहे.

आता त्यांनी पैसा कसा मागितला ते पाहू. त्यांनी आधी पुस्तक लिहिले. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’, म्हणजे उच्चवर्णीय हिंदू स्त्री, हे पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले. त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले यांची प्रस्तावना होती. पुस्तकात हिंदू मुलीचे बालपण, लग्न, वैधव्य यांचे वर्णन आहे. परंतु नुसता हुंदका नाही. १८८१ च्या शिरगणतीचे आकडे आहेत. देशात एकंदर विधवा दोन कोटी नऊ लाखांवर. त्यांतल्या एकोणीस वर्षांपर्यंतच्या ६,६९,१००. त्यांतही नऊ वर्षांपर्यंतच्या ७८,९७६. हे आकडे वाचून आजही अंगावर काटा येतो. ज्यांनी ते प्रथम वाचले त्यांच्या घरांत त्या वयाच्या मुली बाहुल्या खेळत होत्या. आकड्यांच्या पाठोपाठ योजना आहे: उच्चवर्णीय विधवांसाठी एक घर, तेथे त्यांना आपापल्या चालीरीतींनी राहता येईल, लिहिणे-वाचणे आणि पोटापुरते काही काम शिकता येईल, त्या शिक्षिका होऊन बाहेर पडतील. म्हणजे दुःख, त्याचे माप आणि त्यावरचा उपाय, अशा क्रमाने मागणी केली आहे. सार्वजनिक कामासाठी हात पसरणाऱ्यांनी हा क्रम आजही लक्षात ठेवावा.

पुस्तक चांगले खपले. बाई व्याख्याने देत पूर्वेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत हिंडल्या. गावोगाव रमाबाई मंडळे निघाली. मंडळात कोण? शिक्षिका, विद्यार्थिनी, घरच्या बाया, चर्चमधली माणसे. वर्गणी वर्षाला निदान एक डॉलर. बॉस्टनला मध्यवर्ती रमाबाई असोसिएशन स्थापन झाली; तिचे अध्यक्षपद एडवर्ड एव्हरेट हेल या धर्मोपदेशकाने व लेखकाने घेतले; ज्युडिथ अँड्र्यूज या बाई कार्यकारी समितीचे काम पाहू लागल्या. वर्षाला सुमारे पाच हजार डॉलर, अशी दहा वर्षांची हमी उभी राहिली. आणि एक कलम पक्के ठरले. हे घर धर्मप्रसारासाठी नाही. तेथे कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती होणार नाही. वेद आणि बायबल दोन्ही कपाटात असतील, ज्याला हवे त्याने घ्यावे.

या प्रवासात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीने लहान मुलांना कसे शिकवितात याचा अभ्यास केला. रंगीत ठोकळे, चित्रे, गाणी, हातांचे खेळ. मराठीत मुलांसाठी सचित्र क्रमिक पुस्तके करावीत, अशी त्यांची योजना होती. जी आई स्वतःच्या मुलीला त्या वयात जवळ ठेवू शकली नाही, ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी ठोकळे आणि चित्रे जमवीत होती. यात मला ढोंग दिसत नाही. कदाचित जवळ नसलेल्या मुलीची आठवणच त्या उद्योगात मिसळली असेल.

१८८९ च्या फेब्रुवारीत बाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्ष काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसे होती. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले. मुली वाढल्या. मुलींना केस राखू देत, शिकू देत, हसू देत. ज्या घरांत त्या कोनाड्यात बसत होत्या त्या घरांच्या मानाने हा स्वर्ग होता, असे त्यांतल्या काहींनी पुढे सांगितले आहे.

आणि आता त्या दाराकडे येऊ.

मनोरमा आता आईजवळ होती. सदन उघडले तेव्हा आठ वर्षांची होत आली होती. बाई ख्रिस्ती होत्या, मुलगी ख्रिस्ती होती. सकाळी आपल्या खोलीत आई मुलीला जवळ घेऊन बायबल वाची, प्रार्थना करी. इतक्या वर्षांच्या ताटातुटीनंतर मायलेकींना मिळालेला तो वेळ. खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या मुली बाईंना आई मानत. आई जेथे बसते तेथे मुली येऊन बसणारच. एक आली, दोन आल्या, मग बऱ्याच येऊ लागल्या.

बाहेर बोभाटा झाला. ‘केसरी’ने या संस्थेकडे संशयाने पाहिले होते, आता त्याला पुरावा सापडला. आगरकरांचा ‘सुधारक’ बाईंच्या बाजूने उभा राहिला. सल्लागार मंडळींनी बाईंना सांगून पाहिले. बाईंचे उत्तर असे की, मी कोणाला बोलावीत नाही आणि कोणाला घालवीतही नाही. माझ्या खोलीत माझ्या मुलीबरोबर देवाचे नाव घ्यायला दार बंद करून, चोरासारखी मी बसणार नाही. अखेर १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी अंग काढून घेतले, पालकांनी विसाच्या वर मुली सदनातून परत नेल्या. बॉस्टनची समिती मात्र बाईंच्या पाठीशी राहिली.

या प्रसंगावर आजवर दोनच प्रकारचे निकाल दिले गेले. बाईंनी विश्वासघात केला, हा एक. सनातन्यांनी एका विदुषीचा छळ केला, हा दुसरा. मला दोन्ही अपुरे वाटतात, आणि आपल्या गावच्या तहाची आठवण ठेवून मी त्याकडे पाहतो.

आईचा हक्क खरा होता. वाँटेजला तिने आपल्या मुलीच्या संस्कारांसाठी जिची पत्रांतून इतकी झुंज घेतली, तिला आपल्याच घरात, आपल्याच मुलीशी, दार लोटून बोल असे सांगणे हे कठोर होते. परंतु कलमही खरे होते. पालकांनी मुली पाठविल्या त्या रानड्यांच्या शब्दावर पाठविल्या. आणि मंडळींनी शब्द दिला होता तो बॉस्टनला ठरलेल्या कलमावर. सक्ती नाही, हे अक्षरशः पाळले गेले. पण दहा-बारा वर्षांची अनाथ पोर, जिला घरी सगळ्यांनी अपशकुनी म्हटले, तिला प्रथमच जिने पोटाशी धरले त्या बाईच्या खोलीचे दार उघडे आहे. त्या दाराची ओढ सक्तीहून कमी असते का? अन्न, आसरा आणि माया देणाऱ्याच्या हाती अशी सत्ता येते की ती त्याला स्वतःला दिसत नाही. जेराल्डिन भगिनीच्या हाती मनोरमेबाबत जी सत्ता होती, आणि जी बाईंना खुपली, तीच आता बाईंच्या हाती दुसऱ्यांच्या मुलींबाबत आली होती. माझ्या समजुतीप्रमाणे बाईंनी हे ओळखायला हवे होते. सर्व हिंदुस्थानात त्या वेळी हे ओळखू शकणारी जर कोणी स्त्री असेल, तर ती तीच होती.

आणि दुसऱ्या पक्षालाही विचारले पाहिजे. मंडळी रागावून निघाली, पालकांनी मुली नेल्या. त्या मुली कोठे नेल्या? ज्या कोनाड्यातून आणल्या होत्या त्या कोनाड्याकडे. शहाणी माणसे तत्त्वावर भांडली, दोन्ही पक्षांनी आपापली अब्रू राखली, आणि भांडणाची किंमत दिली ती ज्यांनी काहीच ठरविले नव्हते त्यांनी. १८०३ च्या तहातही भडोचच्या रयतेला कोणी विचारले नव्हते.

परंतु हा इतिहास येथे संपत नाही, आणि त्यातले पुढचे दोन धडे मला अधिक मोलाचे वाटतात.

पहिला धडा हिशेबाचा. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये सरणार, हे बाईंनी आधीच ध्यानात ठेवले होते. देणारा कायम देत राहील असे समजून त्यांनी संस्था चालविली नाही. पुण्याजवळ दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळबाग लावायला काढली; हेतू हा की पुढे झाडांच्या उत्पन्नावर सदन चालावे. आपल्या गावाला पानमळे आणि केळीच्या बागा ठाऊक आहेत. आज लावलेल्याचे उत्पन्न कधी हाती येते, तोवर पाणी कोण घालतो, कर्ज कोण सोसते, हे येथल्या माणसाला सांगायला नको. वर्गणीवर चाललेल्या संस्थेने मुदत संपायच्या आत झाडे लावावीत, ही दृष्टी त्या काळी फार थोड्यांना होती.

झाडे फळाला येण्याच्या आतच दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात आणि मध्यप्रांतात माणसे रस्त्यावर पडू लागली. ज्या बाईने आपले आईबाप भुकेने गेलेले पाहिले होते ती स्वतः तिकडे गेली आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया तिने आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेथे इतक्या जणींना ठेवता येईना. मग ती फळबागेची जमीन उपयोगी पडली. मुली केडगावच्या उघड्या रानात तंबू-झोपड्यांत राहिल्या आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. दोन वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, दुष्काळ गुजराथेत आला आणि आपल्या वऱ्हाडातही आला. तेव्हा गुजराथेतून शेकड्यांनी मुली आल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आता बॉस्टनचे ते जुने कलम उरले नव्हते. १८९८ मध्ये बाई स्वतः अमेरिकेला गेल्या, देणाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली. मुक्ती सदन ही उघड ख्रिस्ती संस्था होती, आणि तिला देणारे ते जाणूनच देत होते. तह मोडल्याचा आरोप यापुढे करता येत नव्हता, कारण नव्या तहात ते कलमच नव्हते. माझ्या मते हे आधीपेक्षा सरळ झाले.

दुसरा धडा आपल्या लोकांनी घेतला, आणि तो घेणाऱ्या माणसाचे नाव धोंडो केशव कर्वे. शारदा सदनातील गोदूबाईंशी त्यांनी १८९३ मध्ये विवाह केला, म्हणजे त्या घराचे ऋण त्यांच्या स्वतःच्या संसारावर होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या पालकांना शारदा सदनात मुली पाठवायच्या नव्हत्या, पण घरी कोंडायच्याही नव्हत्या, त्यांच्यासाठी आता दुसरे दार उघडले. पैसा दूरच्या देशातून न आणता चार आणे, आठ आणे, रुपया असा आपल्याच गावांतून जमवायचा, असा त्यांचा क्रम. या कामी गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या झोळीला खांदा देत गावोगाव फिरल्या. पार्वतीबाईंनाही एक लहान मुलगा होता. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी पोर, आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी वर्गणी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजी फारसे येत नसताना ही बाई अमेरिकेलाही गेली, तेथे घरकामे करून राहिली आणि आश्रमासाठी पैसा घेऊन परतली. रमाबाईंच्या वाटेने एक मराठी विधवा पुन्हा त्याच देशात गेली, पण आता तिच्या पाठीशी आपल्या लोकांनी आपल्या पैशाने उभे केलेले घर होते. देणाऱ्याला सांगायला एक वाक्य तिच्यापाशी अधिक होते: आमचे आम्ही आधी दिले आहे.

मनोरमेचे पुढे काय झाले? ती इंग्लंड-अमेरिकेत शिकली आणि परत आली. तिची आई जे पत्रांतून मागत होती तेच झाले. ती परकी झाली नाही. शारदा सदनाच्या शाळेची ती प्रमुख झाली आणि आईची उजवी भुजा बनली. केडगावात अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम झाले, त्यातही तिचा वाटा होता. लहानपणी जिच्या वाट्याची आई दुसऱ्यांच्या मुलींना दिली गेली, तिने मोठेपणी स्वतःही त्याच मुलींना वाहून घेतले. तिने हे आनंदाने केले की दुसरी वाट तिला कोणी दाखविलीच नव्हती, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. १९२१ च्या जुलैत, चाळिशी नुकती ओलांडलेली मनोरमा गेली. पुढल्या एप्रिलात, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. मधे नऊ महिनेही पुरे झाले नाहीत.

संस्थांच्या अहवालात जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात. काम करणाऱ्याच्या घरातल्या मुलाने जे दिले ते त्यांत कोठेच बसत नाही. म्हणून तिसरा एक रकाना आपण मनात तरी ठेवावा.

शेवटी आपल्या घरचे एक उदाहरण सांगतो आणि बसतो. याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली परटाच्या घरी डेबूजी जन्मला. त्याने १९०५ मध्ये बायको-मुले मागे ठेवून घर सोडले आणि तो गाडगेबाबा झाला. त्याने लाखोंच्या धर्मशाळा, वसतिगृहे, शाळा उभ्या केल्या. पण त्या पैशाला आपला हात लागू दिला नाही, आणि आपल्या कुटुंबातल्या कोणाचा या संस्थांवर हक्क नाही असे स्वच्छ सांगून ठेवले. त्याच्याही मुलाबाळांनी बापाचा वाटा दुसऱ्यांना दिला. त्यांच्या संसाराचे हाल आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या पोरांना सांगितले आहेत.

एक पंडिता, दुसरा अक्षरशत्रू. एकीची झोळी महासागरापलीकडे पसरली, दुसऱ्याची कीर्तनाच्या रिंगणात. पण दोघांनाही घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची नावे वेगळी ठेवता आली, आणि दोघांच्याही पाठीमागे घरी एक लहान मूल उभे होते. आपण जेव्हा परक्या मुलांसाठी काही देऊ, तेव्हा तीन प्रश्न विचारून देऊ. कलम काय ठरले आहे? मुदत संपल्यावर काय, कोणी झाडे लावली आहेत का? आणि जो आपल्यापुढे झोळी घेऊन उभा आहे, त्याच्या घरी आज त्याच्या लेकराला कोण जेवू घालते आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे हे त्याचे एकट्याचे काम नाही. ते शेजाऱ्यांचे, म्हणजे आपले काम आहे. रमाबाईंच्या वेळी ते वाँटेजच्या परक्या भगिनींनी केले, आणि त्याची किंमतही मागितली. आपल्या गावात तसे होऊ नये, एवढेच मागणे मागतो.